निकालाविरुद्धची बाजू

त्या वर्गात लपायला जागाच नव्हती. बाकीच्या तासांना बाकांच्या रांगा असायच्या. पुढच्याच्या पाठीआड मान घालून बसलं की तास आपोआप निघून जायचा. इथे मात्र ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची एक छोटी खोली, मधोमध लंबगोल टेबल आणि भोवती खुर्च्या. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेला.

'न्यायालयं आणि लोकशाही' असं त्या चर्चासत्राचं नाव होतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगून टाकलं होतं, "मी इथे व्याख्यान देणार नाही. तुम्ही वाचून यायचं आणि बोलायचं. निम्मे मार्क बोलण्याचे. गप्प बसणाऱ्याला मी नापास करते, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही."

सगळे हसले. मिठूने वहीत 'निम्मे मार्क' असं लिहून त्याखाली रेघ ओढली.

मिठू हे तिचं घरचं नाव. लहानपणी ती अखंड बडबडायची म्हणून बाबांनी ठेवलेलं. पुढे शाळेत कधीतरी ती बडबड आटली आणि नाव तेवढं उरलं. आता चार लोकांत बोलायचं म्हटलं की तिच्या घशाला कोरड पडायची, कानशिलं तापायची, आणि मनात नीट जुळवलेलं वाक्य ओठांपर्यंत येईस्तोवर विषय भलतीकडेच गेलेला असायचा.

तरी तिने हाच विषय घेतला होता, कारण तिची आई न्यायाधीश होती. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिठू बाबांचं आडनाव लावायची आणि आईने आपलं माहेरचं ठेवलं होतं. घरी आई कामाबद्दल चकार शब्द काढत नसे. बाबा दंतवैद्य, ते जेवताना लोकांच्या किडलेल्या दाढांच्या साग्रसंगीत कहाण्या सांगायचे, आणि आई त्या शांतपणे ऐकत जेवायची. ही बाई दिवसभर त्या उंच खुर्चीत बसून काय करते, आणि कशाच्या जोरावर करते, हे मिठूला तिला न विचारता समजून घ्यायचं होतं.

पहिले काही आठवडे तिने कसेबसे ढकलले. बोलणारे दुसरे होतेच. एक मुलगा होता, त्याला सगळे वकील म्हणायचे. मॅडमनी 'बसा' म्हटलं तरी तो 'का?' असं विचारेल, अशी त्याची ख्याती. आणि एक होती ताई. इतरांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. औषधांच्या दुकानात नोकरी करून मग शिकायला परत आलेली. कमी बोलायची, पण बोलली की वकीलसुद्धा थांबायचा.

आणि मग तो निकाल आला.

शहरातल्या एका जुन्या गल्लीत एक दुमजली घर होतं. शिक्षा भोगून सुटलेल्या, पण जायला कुठेच ठिकाण नसलेल्या माणसांना तिथे काही महिने आसरा मिळायचा. गल्लीतल्या लोकांना ते घर नको होतं. नगरपालिकेने त्यावर शहराचं मतदान घेतलं आणि लोकांनी भरभरून कौल दिला, घर बंद करा. घर चालवणारी संस्था कोर्टात गेली. प्रकरण आईसमोर आलं. आईने नगरपालिकेच्या निर्णयाला स्थगिती दिली. शिक्षा भोगून झालेल्या माणसाने कुठे राहायचं हे शेजाऱ्यांच्या मतांवर ठरत नाही, असं तिने लिहिलं. अखेरची सुनावणी अजून व्हायची होती, तोवर घर चालू राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठू खाली उतरली तर इमारतीच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं, 'तुमच्याच घरात ठेवा त्यांना'. रंग ओघळून खाली आला होता. दुपारपर्यंत जिन्यापाशी एक पोलीस खुर्ची टाकून बसला. शेजारच्या काकू, एरवी तास तास गप्पा मारणाऱ्या, मिठूला बघून लगबगीने दार लावून घेऊ लागल्या.

"आई, तुला भीती नाही वाटत?" मिठूने विचारलं.

आई मटार सोलत होती. "वाटते की," ती म्हणाली. "शेंगा घे. हात चालू असले की कमी वाटते."

एवढंच. पुढे मिठूने काही विचारायचं नसतं हे ठरलेलंच होतं.

त्या आठवड्यात मॅडम खोलीत आल्या त्या वर्तमानपत्र हातात घेऊनच. "पुढच्या तासाला आपण हा निकाल घेणार आहोत. लोकांनी मत दिलं आणि एका न्यायाधीशाने ते अडवलं. आपला अख्खा विषय याच्यात आहे. निकालाविरुद्ध बाजू कोण मांडणार?"

वकिलाचा हात वर गेला.

"तू रोजच मांडतोस. जरा दुसऱ्यांना जगू दे." मॅडमची नजर टेबलावरून फिरत आली आणि मिठूवर थांबली. "तू. तुझा आवाज कसा आहे तेच मला अजून नीट कळलेलं नाही."

'मॅडम, मला नाही जमणार' एवढंसुद्धा मिठूच्या तोंडातून फुटेना. मॅडमनी नाव लिहून घेतलं आणि विषय संपला.

तास सुटल्यावर ती मॅडमच्या खोलीपाशी गेली. दार उघडंच होतं. "मॅडम, मला जरा..."

"बाजू बदलून हवीय?" मॅडमनी मान वर न करताच विचारलं. "भीती वाटते ना? वाटू दे. तोंड उघडल्याशिवाय ती जायची नाही."

सांगायचं होतं ते एकच वाक्य होतं. मी त्यांची मुलगी आहे. पण ते उच्चारलं की काय होईल हे तिला दिसत होतं. मॅडम गोड बोलतील, दुसरा विषय देतील, आणि त्या टेबलापाशी ती यापुढे कायम कुणाची तरी मुलगी म्हणून बसेल. ती काही बोलली, तर ते आईचं बोलणं. गप्प राहिली, तर तेही आईचंच.

"हो, भीतीच वाटते," ती म्हणाली आणि परत फिरली. जिना उतरताना आपण मोठी चूक करतो आहोत असं तिला वाटलं, आणि तरी पाय थांबले नाहीत.

निकाल तिने महाविद्यालयाच्या संगणकावर वाचायला घेतला. आईचं लिहिलेलं ती पहिल्यांदाच वाचत होती. वाक्यं छोटी, कोरडी. पण मधूनच आईचा आवाज ऐकू यायचा. नको तिथे 'तथापि' घालायची तिची सवय, एखाद्या मुद्द्याला 'असे म्हणणे सोपे आहे' म्हणून बाजूला सारायची तिची तऱ्हा. वाचता वाचता मिठूला पटत गेलं, आणि तिची पंचाईत झाली. विरुद्ध बोलायचं तरी काय?

मग शेवटाकडे एका परिच्छेदापाशी ती अडखळली. गल्लीतल्या रहिवाशांनीही आमचं म्हणणं ऐका असा अर्ज केला होता. आईने तो फेटाळला होता. रहिवाशांचे म्हणणे मतदानातून पुरेसे स्पष्ट झाले आहे, असं एका वाक्यात म्हटलं होतं.

मिठूने ते वाक्य पुन्हा वाचलं. मतं मोजून न्याय करता येत नाही असं सांगणारा हा निकाल, आणि त्यातच त्या माणसांना तुमची मतं मोजून झाली, आता बोलायचं काम नाही, असं सांगितलेलं. तिने त्या परिच्छेदाची प्रत काढून घेतली. कारण हा मुद्दा खरा होता. आईला प्रश्न विचारला असता तर आईने काहीतरी उत्तर दिलंच असतं. पण विचारता येत नव्हतं.

घरी तिने त्या परिच्छेदाची प्रत टेबलावर ठेवली होती. आई पाणी प्यायला आली, तिची नजर गेली आणि ती जागीच थांबली.

"हे कॉलेजसाठी?"

"हो."

"माझ्यासमोर ठेवू नकोस. आणि मला त्याबद्दल काही सांगू नकोस, मिठू. प्रकरण अजून माझ्याकडे आहे."

"पण आई, मला..."

"नको."

मिठूने कागद उचलला. आपल्याला नेमकं काय करायला सांगितलंय हे आईला सांगायची तीच वेळ होती. ती वेळ तशीच गेली.

चर्चेच्या दिवशी ती जरा उशिराच पोचली. खोलीत शिरली तेव्हा सगळे येऊन बसले होते. मॅडमनी मान हलवली. मिठूने बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की वकील म्हणाला, "जरा मोठ्याने."

"घर बंद व्हावं की चालू राहावं, याबद्दल मी आत्ता बोलत नाही," ती म्हणाली. "मी गल्लीबद्दल बोलतेय. कोर्टाने संस्थेचं ऐकलं, नगरपालिकेचं ऐकलं. गल्लीतली माणसं दाराशी उभी होती. त्यांना सांगितलं, तुमचं मत मोजून झालंय. पण मत देणं आणि म्हणणं मांडणं या एकच गोष्टी आहेत का? मत देताना आपण हो किंवा नाही म्हणतो. का ते सांगत नाही. ते सांगायची जागा कोर्ट होती, आणि तिथे दार बंद झालं. ज्यांचं ऐकून घेतलं नाही त्यांनी निकाल मानावा असं आपण कुठल्या तोंडाने सांगणार?"

मिठूच्या लक्षात आलं की तिचा आवाज कापत होता, पण थांबला नव्हता.

मग ताई बोलली. "मी त्या गल्लीत राहते," ती म्हणाली. हेही वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. "आईने खिडकीला आतून फळी ठोकून घेतलीय. बहीण संध्याकाळी पोहायला जायची, ते बंद झालं. त्या घरातल्या कुणी आम्हाला काही केलेलं नाही, हेही खरं. पण आम्हाला भीती वाटते, आणि आम्ही दुष्ट आहोत म्हणून वाटते असं सगळे समजतात. तो अर्ज माझ्या आईने केला होता. तिला फक्त एवढंच सांगायचं होतं."

"बघा!" वकील टेबलावर हात आपटून म्हणाला. "या न्यायाधीश बाई स्वतः कुठे राहतात? इमारतीला पोलीस. गल्लीला आहे का पोलीस? त्यांना एक मुलगी आहे म्हणे, कॉलेजातच असते. तिला पाठवा म्हणावं त्या घराशेजारी राहायला, मग बघू केवढी स्थगिती देतात ते."

दोघेतिघे हसले. मॅडम म्हणाल्या, "माणसावर नको, निकालावर बोल." पण त्यांनाही किंचित हसू आलं होतं.

मिठूला गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण ताईने आत्ताच सगळ्यांसमोर आपलं घर उघडं केलं होतं, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत आपण तोंड मिटून बसलो आहोत हे मिठूला सहन होईना.

"ती मुलगी मी आहे," ती म्हणाली.

वकिलाचा चेहरा पडला. मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"त्या माझ्या आई आहेत."

"मग आत्ता बोललीस ते काय होतं? मार्कांसाठी?"

"नाही. ते मला खरंच वाटतं. तुमचं ऐकायला हवं होतं."

"आणि घर?"

मिठूला इथे खोटं बोलता आलं असतं. "घर चालू राहावं असं वाटतं," ती म्हणाली. "तेही खरंच वाटतं."

ताईने पिशवी उचलली आणि ती खोलीतून निघून गेली. मॅडम म्हणाल्या, "मला हे आधी कळायला हवं होतं." त्या कुणाला म्हणाल्या ते समजलं नाही. तास तिथेच संपला.

मिठू घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. वकिलाने ती फोनवरून चार मित्रांना कळवली. त्याला वाईट काही करायचं नव्हतं, उलट आपल्या वर्गातली मुलगी किती धीट निघाली असंच त्याने लिहिलं होतं. पण चारांचे चारशे व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळी मिठूचं बोलणं फिरत होतं, पण घर चालू राहावं हे त्याचं शेपूट गळून पडलं होतं. न्यायाधीशांच्या मुलीलाच निकाल अमान्य.

बाबांनी दार उघडलं. त्यांनी एकाही दाढेचं नाव न काढता नुसतं आतल्या खोलीकडे बोट केलं.

आई खिडकीपाशी उभी होती. तिचा फोन पलंगावर उताणा पडला होता आणि सारखा थरथरत होता.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "काय बोलणार ते नाही. मला हे प्रकरण वर्गात मांडायला दिलंय, एवढं. एका वाक्यात. मी सांगितलं असतं, नको घेऊस."

"मी प्रयत्न केला होता."

"नाही केलास. मी 'नको' म्हटलं, आणि तुला ते सोयीचं झालं." आई थांबली. "आणि मीही दोन मिनिटं ऐकून घेतलं असतं तर काही बिघडलं नसतं. तेही आहेच."

"आता काय होईल?"

"मी प्रकरणातून बाजूला होते. उद्या सकाळी कळवीन. दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल."

"पण आपण घरी त्यावर कधी बोललोच नाही! उलट तू तर..."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे. गल्लीतल्या माणसाने कशावरून मानायचं?"

मिठूला रडू फुटलं. आपण तोंड उघडलं आणि आईच्या हातातलं काम गेलं, ते घरही कदाचित जाईल, त्यातली माणसं रस्त्यावर येतील, हे सगळं एकदमच तिच्या छातीवर येऊन बसलं. आईने तिला जवळ घेतलं नाही. जेवताना मात्र तिच्या शेजारी येऊन बसली. नेहमी समोर बसायची.

नंतरचे दिवस मिठूचा जीव टांगणीला लागला होता. चर्चासत्राला ती जात राहिली, कारण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. वकिलाने तिची माफी मागितली, तीही मुद्देसूद, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा अशी. तिसऱ्या मुद्द्याला तिने 'बरं' म्हणून त्याची सुटका केली. ताई आता शेजार सोडून समोर बसायची आणि तिच्याकडे बघत नव्हती.

मग एका दुपारी ताई ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"नव्या न्यायाधीशांनी आमचा अर्ज घेतलाय. या आठवड्यात ऐकणार आहेत. आईला झेपायचं नाही, मी बोलणार आहे." ती घुटमळली. "येशील?"

"मी? मी तिथे दिसले तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. कुणाची मुलगी म्हणून नको येऊस. नुसती शेजारी बस. मला एकटीला धाकधूक होते."

घरी विचारलं तर आई म्हणाली, "ते प्रकरण आता माझं नाही. जायचं तर जा. मागे बस, आणि काही झालं तरी मान डोलावू नकोस."

कोर्टाची खोली मिठूला वाटली होती त्यापेक्षा लहान होती आणि पंख्याचा आवाज फार होता. नवे न्यायाधीश वयस्कर, चष्मा नाकावर घसरलेला. ताई उठली तेव्हा तिचा पदर खुर्चीच्या खिळ्यात अडकला, मिठूने तो सोडवला. ताई बोलली. फळीबद्दल, बहिणीबद्दल, अंधार पडला की गल्लीत पसरणाऱ्या शांततेबद्दल. मध्येच तिचा आवाज गेला. न्यायाधीशांनी वाट पाहिली. त्या घरात राहणारा एक माणूसही बोलला. आपण कुणाच्या खिडकीकडे बघतसुद्धा नाही, खाली मान घालून जातो, मान दुखायला लागलीय, असं तो म्हणाला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मिठूने मान डोलावली नाही.

निकाल काही आठवड्यांनी आला. घर चालू राहणार होतं. मात्र गल्लीच्या तोंडाशी रात्रीचा पहारा ठेवायचा, दिवे लावायचे, आणि घर चालवणाऱ्यांनी दर महिन्याला रहिवाशांसोबत बसायचं, असं नगरपालिकेला आणि संस्थेला सांगण्यात आलं.

"म्हणजे हरलोच आम्ही," ताई म्हणाली.

"हो," मिठू म्हणाली. दुसरं काही म्हणणं खोटं ठरलं असतं.

"आईला सांगायचंय. चल माझ्याबरोबर. एकटीने सांगायला नको वाटतंय."

दोघी गल्लीत वळल्या. ऊन उतरायला लागलं होतं. ते दुमजली घर डाव्या हाताला होतं, इतर घरांसारखंच, फक्त जरा जास्त झाडलेलं. पायरीवर एक दणकट माणूस बसून चपलेचा तुटलेला पट्टा शिवत होता. कोर्टात बोललेला तो हा नव्हता. त्याने मान वर करून दोघींकडे पाहिलं.

ताईची पावलं भरभर पडायला लागली. मिठूचीही. तिच्या छातीत धडधडत होतं, आणि ते थांबवावं म्हटलं तरी थांबत नव्हतं. त्याने काहीच केलं नव्हतं. दोरा दातात धरून तो पुन्हा चपलेकडे बघायला लागला होता.

दाराशी पोचल्यावर ताई वळली. तिला मिठूचा चेहरा दिसला.

"तुलाही?" तिने विचारलं.

"हो," मिठू म्हणाली. "मलाही."

ताईने दार ढकललं, आणि आधी तिला आत जाऊ दिलं.